'कुणीतरी फुटला असता' हे अर्धेच खरे

संपादक महोदय,

चंद्रावर माणूस गेलाच नाही, असे म्हणणाऱ्याला एक ठरलेले उत्तर दिले जाते: 'इतकी माणसे सामील असती तर एखादा तरी फुटला असता.' आपल्या पत्रस्तंभातही अलीकडे ते वाचले. चंद्रापुरते ते बरोबरच आहे. मात्र 'कुणी बोलले नाही, म्हणजे काही घडलेच नाही' हा निष्कर्ष आपण सरकारी कामांनाही लावू लागलो, तर फसगत होते.

डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञाने 2016 मध्ये याचे गणित मांडले. उघडकीस आलेल्या तीन अमेरिकी प्रकरणांवरून त्याने धरले की गुपित ठाऊक असलेला एक माणूस एका वर्षात फुटण्याची शक्यता दहा लाखांत साधारण 4. नासाची 4 लाख 11 हजार माणसे धरली, तर 3.7 वर्षांत बिंग बाहेर पडायला हवे. हा आकडा सगळे सांगतात. त्याच गणितात 2,500 माणसे घालून पाहा: गुपित फुटण्याची शक्यता वर्षाला एक टक्का, पाच वर्षांत पाच टक्के. म्हणजे अडीच हजार माणसांचे गुपित पाच वर्षे टिकण्याची शक्यता 95 टक्के! आणि टेंडरचा घोळ करायला अडीच हजार माणसे लागतात कुठे? आठ-दहा सह्या पुरतात. शिवाय तो 4 चा आकडा फुटलेल्या प्रकरणांवरून काढलेला. जी कधी फुटलीच नाहीत ती हिशेबात येणार कशी?

खरे तर डोकी मोजून काही कळत नाही. पूर्ण चित्र किती जणांना ठाऊक, ते पाहावे लागते. अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात लाखाहून जास्त माणसे राबत होती. त्याच्या ओक रिज इथल्या कारखान्यात तरुण मुली दिवसभर काट्यावर नजर ठेवून बटणे फिरवत. आपण युरेनियम वेगळे करत होतो, हे त्यांना हिरोशिमानंतर कळले. तरीही आतली माहिती प्रकल्पातल्याच क्लाउस फुक्स या शास्त्रज्ञाने सोव्हिएत संघाला पोचवलीच. अंधारात राहिली ती जनता. दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्रिटनच्या ब्लेचली पार्क केंद्राच्या हजारो कर्मचाऱ्यांनी शत्रूचे संदेश उलगडल्याचे गुपित 1974 पर्यंत पोटात ठेवले. आपल्याकडे पोखरणच्या अणुचाचणीची 1995 ची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली. 1998 मध्ये काम रात्री झाले आणि यंत्रे पहाटे पुन्हा जुन्याच जागी उभी केली जात, चित्रात फरक दिसू नये म्हणून.

दुसरे म्हणजे, माणसे बोलतात. ऐकले जात नाही. अमेरिकेत टस्कीगीला सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीयांना उपचाराविना ठेवण्याचा प्रयोग 1932 पासून चालू होता, आणि त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत राजरोस छापून येत होते. सरकारी आरोग्य सेवेतल्या पीटर बक्सटनने 1966 मध्ये वरिष्ठांना लेखी आक्षेप कळवला. प्रयोग थांबला 1972 मध्ये, तोही बातमी फुटल्यावर. आपल्या सिंचन प्रकरणात मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी 2012 मध्ये पत्रे लिहिली, त्याआधी काय फायलींना वाचा नव्हती?

आपल्याकडे जागल्याचे, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्याचे, काय होते, हे ठाऊक असल्यानेही माणसे गप्प बसतात. सत्येंद्र दुबे या महामार्ग अभियंत्याने 2002 मध्ये नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून कामातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिले. ते नावासकट कार्यालयांतून फिरले. नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्यांचा खून झाला. तो लुटीतून झाल्याचे तपासात ठरले, ते मान्य करू; नाव का फुटले याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यानंतर केंद्र सरकारचा 2004 चा 'पीआयडीपीआय' (जनहितार्थ माहिती देणे आणि माहिती देणाऱ्याचे संरक्षण) ठराव आला आणि तक्रारी घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे गेले. 2014 चा जागल्या संरक्षण कायदा मात्र संसदेत मंजूर होऊनही लागू झालेला नाही.

म्हणून सध्या भरवसा पाकिटावरच. तक्रार बंद लिफाफ्यात, आयोगाच्या सचिवांच्या नावे, वर 'पीआयडीपीआय' असे ठळक लिहून. पाठवणाऱ्याचे नाव लिफाफ्यावर अजिबात नको. ते आत, पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा जोडपत्रात. जीपीओच्या काउंटरवर नाव-पत्ता विचारला तर सांगावे की अशा लिफाफ्यावर तो मागू नये, अशा टपाल खात्याच्याच सूचना आहेत. बिननावी किंवा 'एक जागरूक नागरिक' अशा सहीची तक्रार या ठरावाखाली घेतली जात नाही. नेहमीची चूक म्हणजे तीच प्रत खासदार, मंत्री आणि वर्तमानपत्रालाही धाडणे. मग गुप्तता आपणच घालवली असे होते. दुसरी चूक मजकुरातली: 'माझ्या अमुक टिपणीवर साहेबांनी शेरा मारला' असे लिहिले की टिपणी कुणाची, हे शोधायला कार्यालयाला पाच मिनिटे लागत नाहीत. तपशील असा द्यावा जो निदान चार-पाच टेबलांवरून गेला असेल.

ही सोय केंद्राच्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे: रेल्वे, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स), मॉयल (मँगनीज खाणींची सरकारी कंपनी), सरकारी बँका. महापालिका, जिल्हा परिषद, पाटबंधारे, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) यांची तक्रार दिल्लीला पाठवून उपयोग नाही. तिथे लाचेसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 क्रमांक आहे, पण सापळ्यासाठी तक्रार देणाऱ्याचे नाव पहिल्याच कागदावर येते आणि पुढे कोर्टात पिंजऱ्यात उभे राहून साक्षही त्यालाच द्यावी लागते.

— एक वाचक, धंतोली, नागपूर