मित्रास पत्र: अडतीस केसेस, सहा रिकामे रकाने

नागपूर

प्रिय मंग्या,

तुझी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या सरावाची शीट उघडून बसलो होतो. अडतीस टेस्ट केसेस, म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर चालतं का ते तपासायचे प्रसंग, प्रत्येकीला नंबर, स्टेप्स, एक्सपेक्टेड रिझल्ट, वर निळी-पिवळी हेडिंगं. दिसायला एकदम झकास. आणि खाली तुझा प्रश्न, "एवढ्या पुरतील का बे?"

अडतीस या आकड्यावरून ते सांगता येत नाही. केसेस किती यापेक्षा त्या कुठं कुठं पडतात ते पाहावं लागतं. म्हणून तुझी शीट बाजूला ठेवली, तुझ्या लीडनं (टीमच्या प्रमुखानं) दिलेला नियमांचा कागद घेतला आणि आधी त्याचं डिसीजन टेबल मांडलं, म्हणजे कुठल्या अटी जुळल्या की काय करायचं याचा तक्ता. मग तुझ्या केसेस एकेक करून त्यात टाकल्या. क्लासमध्ये तुला हे टेबल केसेस काढायचं तंत्र म्हणून शिकवून राहिले असतील. ते बरोबरच आहे, पण मला त्याचा खरा फायदा लिहून झालेल्या केसेस तपासताना दिसतो.

कागद एका पानाचाच आहे, एसटीच्या सवलती तिकीट ॲपच्या सरावासाठी सोप्या करून लिहिलेल्या. पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. महिलांना अर्धं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या वर फुकट, पण ज्येष्ठांना ओळखपत्र पाहिजे. महिला आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढं पूर्ण भाडं. वाचताना कुठंच अडखळत नाही, आणि घोळ तिथंच आहे. हे नियम एका दिवशी एकत्र बसून केलेले नाहीत. ७५ वर्षांवरच्यांचा मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाला, महिलांची ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून. एक नियम वय पाहतो, दुसरा बाई की पुरुष ते पाहतो. एकच प्रवासी दोन्हींत बसला की काय, हे परिच्छेद वाचून कळत नाही. कारण परिच्छेदात एका वेळी एकच नियम डोळ्यापुढं असतो.

टेबलात वर चार कंडिशन्स घेतल्या: वयोगट, महिला आहे का, ओळखपत्र आहे का, सगळा प्रवास राज्यातच आहे का. खाली ॲक्शन्स: फुकट, अर्धं, पूर्ण, आणि "हद्दीपर्यंत सवलत, पुढं पूर्ण". उभा प्रत्येक रकाना म्हणजे एक रूल. तुझ्या कच्च्या कागदावर तू वयाचे चार वेगवेगळे हो-नाही प्रश्न केले होते. तसं करू नको. चार हो-नाहीचे सोळा प्रकार होतात आणि त्यातले पाचच खरे. एकच माणूस पाचच्या खाली आणि पंचाहत्तरच्या वर कसा असेल बे? वय एकाच ओळीत पाच गटांत लिही. मग हिशोब सरळ होतो: ५ × २ × २ × २, म्हणजे ४० रकाने. तुझ्या पद्धतीनं १२८ झाले असते आणि त्यातले ८८ अशक्य.

चाळीस रकाने कोणी लिहीत बसत नाही. जिथं एखाद्या कंडिशननं उत्तर बदलत नाही तिथं डॅश टाकायची. पाच वर्षांखालच्या पोराला बाकी तिन्ही ओळींत डॅश, म्हणून तो एक रकाना आठ रकान्यांचं काम करतो. असं आवळत आवळत माझे १५ रकाने उरले. मग पडताळा करायचा: प्रत्येक रकान्यात जितक्या डॅश तितक्या वेळा दुप्पट, आणि सगळ्यांची बेरीज ४० आलीच पाहिजे. कमी आली तर कुठला तरी प्रवासी नियमाबाहेर राहिला, जास्त आली तर एकच प्रवासी दोन रकान्यांत बसून राहिला. माझी ४० आली. तू स्वतः करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुझ्या केसेस. तुझ्या शीटमध्ये "रूल क्र." असा एक कॉलम वाढवला, प्रत्येक केस ज्या रकान्यात बसते त्याचा नंबर टाकला आणि शीटच्या काउंटइफ फॉर्म्युल्यानं मोजलं. एक केस सोडून (तिच्याबद्दल पुढं सांगतो) बाकी सगळ्या मिळून पंधरापैकी नऊच रकान्यांत पडल्या. एकट्या रकाना ३ मध्ये, म्हणजे बारा ते पासष्टचा साधा पुरुष, पूर्ण तिकीट, तुझ्या अकरा केसेस आहेत! रामटेकला जाणारा, काटोलला जाणारा, उमरेडला जाणारा. गाव बदललं म्हणून केस नवीन होत नाही, राजा. टेस्टिंगच्या परीक्षा घेणाऱ्या आयएसटीक्यूबीच्या हिशोबानं कव्हरेज म्हणजे शक्य असलेल्या रकान्यांपैकी किती तपासले, म्हणजे तुझं ६० टक्के.

रिकाम्या सहापैकी पाच रकाने राज्याची हद्द ओलांडणारे आहेत. राज्याबाहेर जाणारी एकही केस तुझ्याकडे नाही. नागपूरचा माणूस तू, गणेशपेठच्या स्टँडवर छिंदवाड्याच्या गाड्या पाहत मोठा झाला, सावनेरच्या पुढं मध्यप्रदेश लागतो हे तुला कोणी सांगायला पाहिजे का? असो. पुण्याची हवा लागली म्हणायचं.

सहावा रिकामा रकाना मात्र तुझ्या लीडपर्यंत गेला पाहिजे. रकाना १४: वय ७५ च्या वर, महिला, ओळखपत्र जवळ नाही, प्रवास राज्यातच. उमरेडच्या गाडीत बसलेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी धर, आधार कार्ड घरी राहिलं. ज्येष्ठांच्या परिच्छेदाप्रमाणे ओळखपत्र नाही म्हणून पूर्ण तिकीट. महिलांच्या परिच्छेदाप्रमाणे अर्धं, तिथं ओळखपत्राचं नावच नाही. मी टेबलात "अर्धं" धरलं, कारण बाई चाळीसची असो की ऐंशीची, महिला तर आहेच. पण ते माझं मत झालं. कागदावर तसं लिहिलेलं नाही.

आणि हाच गोंधळ तुझ्या शीटमध्ये आधीपासून बसलेला आहे, फक्त वेगळ्या वयावर. केस २१ बघ: सत्तर वर्षांची बाई, ओळखपत्र नाही, एक्सपेक्टेड रिझल्ट पूर्ण भाडं. केस ३० बघ: अडुसष्ट वर्षांची बाई, ओळखपत्र नाही, एक्सपेक्टेड रिझल्ट अर्धं भाडं. दोन्ही रकाना ९ मध्ये येतात. एक तू ज्येष्ठांचा परिच्छेद वाचून लिहिली, दुसरी महिलांचा. मध्ये नऊ ओळींचं अंतर, म्हणून रिव्ह्यूतही दोन्ही सुटल्या. कोड कसाही लिहिला तरी यातली एक फेल होणार, मग डेव्हलपर म्हणेल बग नाही, तू म्हणशील आहे, आणि दोघंही कागद दाखवाल. बग कोडमध्ये नाहीच, रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे नियमांच्या कागदातच आहे. एक ओळ कोड लिहायच्या आधी तो पकडता आला असता.

तुझी एक केस मात्र मला फार आवडली. ३६ नंबरची, दिव्यांग प्रवाशाची. ती कुठल्याच रकान्यात बसेना. अशी केस निघाली की दोनच शक्यता: केस चुकीची, नाहीतर टेबलात कंडिशन कमी. इथं कागदच अपुरा आहे. ही केस काढू नको, लीडला विचार.

डॅशबद्दल एक सांगतो, क्लासमध्ये यावर घाई करतात. डॅश म्हणजे नियमाच्या दृष्टीनं फरक पडत नाही, एवढंच. प्रोग्रॅमला ते माहीत असेलच असं नाही. तीन वर्षांच्या पोराचं तिकीट काढताना ॲप ओळखपत्र मागत अडून बसलं तर? रकाना १ साठी एकच केस घेतली आणि त्यात योगायोगानं ओळखपत्र "हो" असलं, तर हे कधीच दिसणार नाही. म्हणून मोठ्या डॅशवाल्या रकान्यात मी दोन केसेस घेतो, एकमेकींच्या उलट.

टेबलाच्या हाताबाहेरच्याही गोष्टी आहेत. ते गटाच्या आत पाहत नाही. तुझ्या केसेसमध्ये वयं ३०, ७०, ८० अशी सुरक्षित मध्यावरची आहेत. कागद म्हणतो "६५ ते ७५" आणि "७५ च्या वर". ज्याला आजच पंचाहत्तर पूर्ण झाली तो कुठं? त्याला बाउंड्री व्हॅल्यूच लागते, म्हणजे गटाच्या सीमेवरचे आणि लगतचे आकडे तपासणं: ६४, ६५, ७४, ७५, ७६, आणि पोरांसाठी पाच-बाराच्या आजूबाजूला. आणि तिकीट काढलं, मग रद्द केलं, मग पुन्हा काढलं, असा क्रम आला की टेबल सोडून स्टेट ट्रान्झिशन घ्यायचं, म्हणजे एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणं तपासायचं तंत्र. तिथं जबरदस्तीनं टेबल करायला गेला तर डोकं फिरेल.

तू विचारलं होतं की हे जुनं झालं का. जुनं तर आहेच. १९५० च्या दशकाच्या शेवटी जनरल इलेक्ट्रिकमध्ये लोक अशी टेबलं करत होते, १९६२ मध्ये कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा काढणाऱ्या कोडासिल समितीनं डेटॅब-एक्स काढलं, म्हणजे टेबलच प्रोग्रॅम म्हणून लिहायची सोय. टेस्टिंगमध्ये ते कॉज-इफेक्ट ग्राफच्या (कारण आणि परिणाम जोडणाऱ्या आकृत्यांच्या) मागून आलं, एल्मेंडॉर्फनं १९७३ मध्ये आयबीएममध्ये मांडलेल्या. परीक्षेत हे विचारत नाहीत, पण कोणी "आउटडेटेड" म्हणालं की तोंडावर मारायला बरं. कंडिशन्स वाढल्या की मात्र जड जातं. दहा हो-नाही म्हणजे १०२४ रकाने. तेव्हा एक मोठं करण्याऐवजी दोन लहान करायची, एकाचं उत्तर दुसऱ्याची कंडिशन.

तर आता असं कर. रकाना ३ मधल्या अकरापैकी दोन ठेव, बाकी उडव. रिकाम्या सहा रकान्यांना एकेक केस लिही. २१ आणि ३० ला हात लावू नको, दोन्हींसमोर "खुलासा बाकी" लिही आणि आजीचा प्रश्न लीडला मेलवर विचार, तोंडी नाही. तोंडी मिळालेलं उत्तर रिव्ह्यूच्या दिवशी कोणाला आठवत नाही. लहान पोरांचं अर्धं तिकीट हद्दीपलीकडे चालतं का तेही त्यातच विचार. मी तिथं डॅश टाकली आहे, पण कागद त्यावर गप्प आहे. उलटं उत्तर आलं तर रकाना २ फुटेल, आणि बेरीज पुन्हा करावी लागेल.

टेबलाची फाइल सोबत पाठवतो. काकूंना नमस्कार सांग. पोळ्याला येतो म्हणाला होता, तिकीट काढलं का ते कळव.

तुझा,
प्रशांत