बडोद्याच्या पाण्याचे संग्रहालय आजव्याच्या वाटेवरच हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोदे शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास सांगणारे एक स्वतंत्र संग्रहालय असावे, आणि त्यासाठी शहरात नवी इमारत न बांधता, आजवा तलावापासून निमेट्याच्या शुद्धीकरण केंद्रामार्गे पाणी ज्या वाटेने शहरात येते त्या वाटेवरच ते उभे राहावे, ही मागणी आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. जुन्या न्यायमंदिराच्या वास्तूत शहराचे संग्रहालय करण्याची चर्चा अधूनमधून कानावर येते. ते झाले तर आनंदच आहे. परंतु तेथे पाण्याच्या वाट्याला एक भिंत आणि चार छायाचित्रे येऊन विषय संपेल, अशी शंका वाटते.

कमाटीबागेतील आपले संग्रहालय 1894 सालचे. देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी पाहायला बडोद्यातील मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या तेथे गेल्या. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या ज्या राजवटीने ते संग्रहालय दिले त्याच राजवटीने, त्याच दशकाच्या आसपास, शहराला नळाचे पाणी दिले. आणि तरीही आजव्याला जाणारे बहुतेक लोक बाग आणि कारंजी पाहून परत येतात, बांधाकडे कोणी वळून पाहत नाही.

हा बांध मातीचा आहे, सुमारे 5 किलोमीटर लांब. त्याचे वैशिष्ट्य ध्यानात येण्यासाठी शेजारच्या शहराकडे पाहावे. अहमदाबादेत 1891 मध्ये दुधेश्वरचा पाणीपुरवठा सुरू झाला तो साबरमतीच्या पात्रातील विहिरींतून पाणी उपसून. बडोद्याने दुसरा मार्ग धरला. आजव्याच्या पाण्याची पातळी आजही समुद्रसपाटीपासून फुटांत सांगतात, आणि पावसाळ्यात 211, 212 हे आकडे बडोदेकरांच्या तोंडी असतात. शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण 39 मीटर, म्हणजे 128 फूट. याचा ढोबळ अर्थ असा की तलाव शहरापेक्षा सुमारे 80 फूट उंच आहे, आणि एवढ्या उताराच्या बळावर पाणी पंपावाचून शहराकडे येत राहिले. वीज नाही, कोळसा नाही, बॉयलर नाही. अंतर आणि उतार यांचा हिशेब चोख असला की पुरे.

माझ्या मागणीचे कारण याच हिशेबात आहे. लंडनच्या क्यू ब्रिज येथील उपसाकेंद्र 1838 सालचे. तेथील अजस्र वाफेची इंजिने जतन करून पाण्याचे संग्रहालय उभारले गेले आणि स्वयंसेवकांनी ती इंजिने पुन्हा चालती केली. लिस्बन शहरात बार्बादिन्योश येथील 1880 सालचे वाफेवरचे उपसाकेंद्र हे तिथल्या जलसंग्रहालयाचे मुख्य ठाणे आहे. आपल्याकडे काचेमागे ठेवून लोकांना थक्क करील असे इंजिन नाही, कारण आजव्याला त्याची गरजच पडली नाही. आपल्याला दाखवायचा आहे तो उतार, आणि उतार दालनात मांडता येत नाही. तो जागेवर जाऊनच पाहावा लागतो. लिस्बनचेच उदाहरण येथेही उपयोगी पडेल. त्यांचे संग्रहालय एका छपराखाली नाही. 1748 मध्ये पाणी वाहू लागलेला आणि 1755 च्या भूकंपातही टिकलेला जलसेतू, त्याच्या शेवटी असलेला मोठा दगडी हौद आणि बार्बादिन्योशचे उपसाकेंद्र अशा वेगवेगळ्या ठिकाणी ते विखुरलेले आहे. आजव्याचा बांध, निमेट्याचे केंद्र आणि शहरातील एखादी जुनी टाकी अशी तीन ठाणी आपल्यालाही करता येतील. प्रत्येक ठाण्यावर मुख्य नळाला काचेची एक उभी नळी जोडावी आणि तीत पाणी किती उंच चढते ते लोकांना पाहू द्यावे. शाळेतील मुलाला दाब म्हणजे काय हे त्या नळीपाशी उभे राहून जितके कळेल तितके कोणत्याही पडद्यावरील चलच्चित्रातून कळणार नाही. (अलीकडे प्रत्येक नव्या संग्रहालयात पडदे इतके होतात की वस्तू शोधाव्या लागतात, आणि दुसऱ्या वर्षी निम्मे पडदे बंद असतात.)

आजव्यापूर्वीचे पाणीही या संग्रहालयात यायला हवे, पण ते गोडगोड करून नको. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, 1405 सालची आहे. सुरसागर अठराव्या शतकात आकाराला आला. वाड्यावाड्यांतून आड होते. वाव म्हटली की आज कमानी, कोरीव काम आणि उन्हातली छायाचित्रे एवढेच आठवते. परंतु पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय ठेवता येणे, हे वावेचे जे सौंदर्य, त्यातच नारू या कृमिरोगाचे मूळ होते. नारूचा रोगी पाण्यात उतरला की त्याच्या पायावरील फोडातून कृमीच्या असंख्य अळ्या पाण्यात सुटत. नजरेला जेमतेम दिसणारे जलकीटक त्या गिळत. आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात सुमारे वर्षभराने दोन-तीन फूट लांबीचा कृमी वाढून कातडी फोडून बाहेर येई. तो तुटू नये म्हणून काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळत काढावा लागे, आणि तोवर माणूस शेतावर जाऊ शकत नसे. गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र या भागांत हा रोग अगदी विसाव्या शतकातही होता. देशातील शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे आणि पाणी फडक्याने गाळून पिणे या साध्या उपायांचा त्यात मोठा वाटा होता. वावेच्या छायाचित्राशेजारी नारू गुंडाळायची काडी आणि पाणी गाळायचे फडके ठेवले, तर नळाच्या पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरी एक गोष्ट सांगताना संग्रहालयाला अवघड वाटेल, आणि म्हणूनच ती सांगायला हवी. पाणी शहरात आले, पण ते कोणाच्या हाती आले? याच शहरात 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आले तेव्हा, ज्या संस्थानने त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली होती त्याच्याच राजधानीत त्यांना राहायला जागा मिळाली नाही, आणि कमाटीबागेतील झाडाखाली त्यांनी घालवलेल्या त्या तासांची स्मृती आज संकल्पभूमी म्हणून जपली जाते. त्यानंतर दहा वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळ्याकाठी, विहिरीवर आणि पुढे सार्वजनिक नळावर कोणाची घागर कोणत्या बाजूला ठेवली जाई, हा प्रश्न बडोद्याच्या मोहल्ल्यांना विचारल्याशिवाय येथील पाण्याचा इतिहास पुरा होत नाही. सयाजीराव महाराजांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु संग्रहालय म्हणजे आरती नव्हे. बांधासाठी माती वाहणारे मजूर, नळ पुरणारे आणि व्हॉल्व्ह सोडणारे कर्मचारी, ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ते शेतकरी, यांनाही तेथे जागा असली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरच्या भागाबद्दल थोडक्यात लिहितो. आजव्याची आखणी 3 लाख वस्ती धरून झाली होती असे नेहमी सांगितले जाते. 1901 च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सुमारे 1 लाख 4 हजार होती आणि 2011 मध्ये ती 16 लाख 70 हजारांवर गेली. साहजिकच शहर मही नदीकडे वळले. फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा येथील ज्यांना आपण ‘फ्रेंच विहिरी’ म्हणतो त्या नदीपात्रात खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या विहिरी आहेत; तळाशी चहूबाजूंना आडव्या सच्छिद्र नळ्या वाळूत शिरवलेल्या असतात आणि वाळूतून गाळले गेलेले पाणी त्यांतून विहिरीत येते. या रचनेची कापीव प्रतिकृती करणे फारसे खर्चाचे नाही आणि लहान मुलालाही ती चटकन उमजेल. त्यानंतर नर्मदेचा कालवा आला. त्याचे दालन करताना धरणाच्या उंचीचा फलक लावून थांबू नये. मणिबेलीसारखी महाराष्ट्रातील आदिवासी गावे त्या पाण्याखाली गेली, आणि नर्मदेचे पाणी पिणाऱ्या मराठी माणसाला तरी ते ठाऊक असावे.

आणि शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी? पाणीपुरवठ्याच्या संग्रहालयात पुराचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण आजवा भरला की जादा पाणी विश्वामित्रीतच जाते. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी 26 फूट आहे आणि ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्याही वर गेली, तेव्हा घराघरांत आजव्याच्या पातळीची चौकशी तासातासाला होत होती. तलाव उन्हाळ्यासाठी भरलेला हवा आणि पुराच्या भीतीने काहीसा रिकामाही हवा, हा पेच दरवर्षी अधिकाऱ्यांना सोडवावा लागतो. बांधावरच्या ठाण्यात रोजची पातळी, दरवाजांची स्थिती आणि नदीची पातळी एकाच फलकावर लिहिली, तर नागरिक निदान प्रश्न तरी नीट विचारतील. माझ्या मते सबंध संग्रहालयातील सर्वांत उपयोगी फलक तोच ठरेल.

इमारतीची घाई नाही, कागदांची आहे. संस्थानचे दप्तर कोठी कचेरीत आहे आणि त्यातील पुष्कळ भाग मोडी लिपीत आहे. आजव्याचा मूळ अंदाज काय होता, 3 लाखांचा हिशेब कोणी आणि कशाच्या आधारे केला, पहिल्या नळजोडण्या कोणत्या पेठांना मिळाल्या आणि पाणीपट्टी कशी ठरली, याची उत्तरे शोधायची तर तेथेच शोधावी लागतील. मोडी सराईतपणे वाचणारी जी थोडी माणसे शहरात उरली आहेत त्यांपैकी बहुतेक वयोवृद्ध आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे इतिहास व मराठी विभाग, महानगरपालिका आणि शहरातील मराठी संस्था यांनी मिळून हे वाचन आधी सुरू करावे. त्याला कोणत्याही मोठ्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथील जुन्या घरांतही नळजोडणीच्या पावत्या, पाणीपट्टीची बिले, पितळी तोट्या, तांब्याचे बंब निघतील. आपल्या वृत्तपत्राने त्यांची छायाचित्रे मागवणारे एखादे छोटे सदर चालवले, तर सूची आपोआप तयार होऊ लागेल.

महानगरपालिकेला एकच तातडीची विनंती. जुन्या वाहिन्या बदलताना निघणारे ओतीव लोखंडाचे नळ, व्हॉल्व्ह, पाणीमापके आणि झाकणे भंगारात निघतात. यापुढे लिलावाची यादी लागण्यापूर्वी पाणीपुरवठा विभागातील एका जाणत्या अभियंत्याने ती पाहावी, प्रत्येक प्रकारचा किमान एक नग बाजूला काढावा, तो कोणत्या रस्त्यावरून निघाला ते त्यावर रंगाने लिहावे आणि निमेट्याच्या आवारात एका शेडखाली ठेवावा.

आपला,
दांडिया बाजार येथील एक वाचक,
वडोदरा