अमेरिकेला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी: मेनिंजायटिसची लस
नमस्कार मंडळी, ज्यांची मुलं ऑगस्टमध्ये चाललीयेत त्यांनी मेनिंगोकोकलची (मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका जंतूवरची) लस प्लीज शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. बऱ्याच युनिव्हर्सिटी होस्टेलमध्ये राहणाऱ्यांकडून ए, सी, डब्ल्यू, वाय या 4 प्रकारांवरचा डोस मागतात, तोही 16 वर्षं पूर्ण झाल्यावर घेतलेला किंवा गेल्या 5 वर्षांतला, म्हणून लहानपणी दिलीये म्हणून निर्धास्त राहू नका, आपापल्या युनिव्हर्सिटीचा फॉर्म नीट बघा. बी प्रकाराची लस वेगळी असते, तिचं डॉक्टरांना विचारा. आणि मुलांना एवढं सांगाच, ताप, मान आखडणं, त्वचेवर काचेचा ग्लास दाबूनही न जाणारे जांभळट डाग दिसले तर थेट इमर्जन्सीत जायचं, हा आजार 24 तासांतही जीव घेऊ शकतो.