लॅमिंग्टन रोडने एवढं करावंच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून जो तो 'नवीन लॅपटॉप घ्या' एवढंच सांगतोय, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची एक चिप) लागतं, प्रोसेसर नवा लागतो, म्हणून चांगले धडधाकट लॅपटॉप भंगारात चाललेत. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका सांगणारेही आहेत, बरोबरच आहे ते, पण त्याच्याही खाली जे असतं त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मशीन चालू केलं की आधी मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमधला बायॉस, म्हणजे मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम (फर्मवेअर), चालतो. तो कंपनीचा, आत काय आहे ते आपल्याला बघता येत नाही, आणि मॉडेल जुनं झालं की अपडेटही बंद. ह्याला पर्याय आहे कोअरबूट, ज्याचा कोड कोणालाही बघता येतो, १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत लिनक्सबायॉस नावाने सुरू झालेलं. गूगलची क्रोमबुकं ह्यावरच चालतात, तेव्हा हे कॉलेजच्या पोरांचं खूळ समजू नका. त्यातूनच निघालेलं लिबरबूट जुन्या थिंकपॅड लॅपटॉपसाठी तयार मिळतं. २००८ च्या एक्स२०० ह्या थिंकपॅडमध्ये तर इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे प्रोसेसरपासून वेगळा आतल्या आत चालणारा छोटा कॉम्प्युटर, जो आत काय करतो ते मालकालाच कळत नाही, त्याचा कोड पूर्ण काढून टाकता येतो, २०१२ च्या एक्स२३० मध्ये छाटून थोडासा ठेवावा लागतो. एक्स२३० चं अजून एक म्हणजे कंपनीच्या बायॉसमध्ये वायफाय कार्डांची यादी असते, यादीबाहेरचं कार्ड लावलं तर मशीन पुढे जातच नाही, म्हणजे पैसे आपले, कार्ड आपलं आणि परवानगी त्यांची! कोअरबूट टाकलं की ही भानगड संपते.

आता माझा मुद्दा. ह्याला लागणारं सामान मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला (भडकमकर मार्ग म्हटलं तर टॅक्सीवाले बघत राहतात) चिप लेव्हल रिपेअरिंगवाल्यांकडे आधीच पडलेलं आहे. बायॉस करप्ट झाला, पासवर्ड अडकला की ही मंडळी चिपला क्लिप लावतात, सीएच३४१ए प्रोग्रॅमरने (चिप वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र) बिन फाइल, म्हणजे बायॉसची प्रत, भरतात आणि चहा येईपर्यंत मोकळी होतात. कोअरबूट भरायचं कामही तेच, फक्त फाइल वेगळी. मग रिफर्बिश्ड थिंकपॅड विकतानाच हा ऑप्शन का देत नाही? घरी करायला बसाल तर स्वस्तातल्या काळ्या सीएच३४१ए च्या डेटा लाइनवर ५ व्होल्ट येतात आणि चिप असते ३.३ ची, शिवाय मूळ फाइल दोनदा वाचून जुळवून बघायची, बॅटरी-चार्जर आधी काढायचा, नवख्याने एवढं सांभाळण्यापेक्षा रोज करणाऱ्याने केलेलं बरं.

एक्स२०० वर व्हिडिओ कॉल केला तर बिचारा धापा टाकतो हे खरंय, कोअर टू ड्युओ हा जुना प्रोसेसरच त्यात, रॅमही ८ जीबीच्या वर जात नाही. टायपिंग, ईमेल, प्रोग्रॅमिंग शिकायला चालतो. शाळेतल्या मुलासाठी घेत असाल तर एक्स२३० घ्या, १६ जीबीपर्यंत रॅम बसते, एसएसडी टाकली की मस्त पळतो.

दुकानदारांना एकच विनंती, बिलावर कुठलं फर्मवेअर भरलंय ते लिहा आणि मूळ बिन फाइल पेनड्राइव्हवर गिऱ्हाइकाला द्या, कोणाला परत कंपनीच्या बायॉसवर जायचं असेल तर अडायला नको.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई