वकीलसाहेब, तुम्ही पहिल्याच दिवशी खरं सांगितलंत

आदरणीय वकीलसाहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या खंडोबा देवस्थानाचा निकाल हातात आला. समोर बोलताना माझा गळा दाटून येतो, म्हणून लिहितोय. आणि आमच्यासारख्या आणखी घरांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहितोय.

वडील गेले आणि चुलत्यांनी धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा अर्ज, टाकला. नवे विश्वस्त म्हणून त्यांचीच दोन मुलं, आमच्या घरातलं कुणीच नाही. एका वकिलानं "महिन्यात स्टे आणतो" म्हणून आगाऊ पैसे घेतले होते. मी तावातावानं तुमच्याकडे आलो, वाटणीचा दावा लावा म्हणालो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "परिशिष्ट एकचा उतारा आणलाय?"

तो ट्रस्टच्या नोंदणीचा उतारा आणल्यावर विश्वस्त नेमण्याच्या पद्धतीच्या रकान्याखाली तुम्ही पेन्सिलीनं रेघ ओढलीत. दोन्ही घरांतून दोन-दोन आणि गावातला एक. आजोबांनीच नोंदवलेलं. मग सातबारा पुढे केलात, कब्जेदार म्हणून देवाचं नाव. "हे वावर तुमचं नाही, त्यांचंही नाही. विश्वस्त राखणदार असतो." माझा निम्मा राग तिथंच उतरला.

पुढचं तुम्ही गोड करून सांगितलं नाहीत. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. त्यावर हरकत घेतली की नोटिसा, शपथपत्रं, उलटतपासणी, युक्तिवाद, सगळं कोर्टासारखंच चालतं. निकालावर ६० दिवसांत अपील. वर्षं जातील, साक्षीदार येईल त्या दिवशी सुनावणी घेणारे साहेब रजेवर असतील. जमीन विकायचं कुणी बोललं, तर कलम ३६खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. आणि देवाच्या पैशातून आपल्या भांडणाचा खर्च करायचा नाही, हे तर तुम्ही दोनदा बजावलंत. सगळं तसंच घडलं. आधी माहीत होतं म्हणून आम्ही खचलो नाही.

पेटीतला निजामाच्या काळचा मुंतखब, म्हणजे इनामाचा दाखला, उर्दूत होता. तो वाचणारे निवृत्त मास्तर तुम्हीच शोधलेत. दिवाबत्ती आणि पूजेसाठी इनाम, असं त्यात निघालं.

पण माझ्या मनात राहिली ती आईची उलटतपासणी. आदल्या दिवशी तुम्ही घरी येऊन तिला म्हणालात, "माय, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. अंदाजानं काही बोलू नका." समोरच्या वकिलांनी विचारलं, ट्रस्टच्या सभेला कधी हजर होता का? पदर सावरून ती म्हणाली, "सभेला बायांना बोलवत नव्हते. दिवाबत्ती मात्र तीस वर्षं मीच केली." साहेबांनी तेवढं शब्दाला शब्द लिहून घेतलं. बाहेर आल्यावर तुम्ही तिला पाणी दिलंत आणि स्वतः बाकावर गप्प बसून राहिलात, ते मी पाहिलं.

तो चेंज रिपोर्ट फेटाळला गेलाय. चुलते अपिलात गेलेत, जाऊ द्या, तो त्यांचा हक्क. यंदा चंपाषष्ठीला दोन्ही घरची माणसं पालखीला होती. बोलणं तुटकच. पण पंगतीत धाकटे चुलते आईला म्हणाले, "वहिनी, बसा आता, वाढतो आम्ही."

राहिलेली फी घेऊन सोमवारी येतो. या वेळी परत करू नका. आईनं ज्वारीही बांधून ठेवलीय.

आपला,
गावाकडचा एक पक्षकार