चर्चच्या हॉलमधला सिनेमा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लोक आता एकत्र बसून पिक्चर बघत नाहीत, जो तो आपापल्या मोबाईलमध्ये, अशी पत्रं तुमच्याकडे अधूनमधून छापून येतात. त्यात तथ्य आहेच, पण एक छोटासा अपवाद गेलं वर्षभर मी बघतेय म्हणून लिहितेय. आमच्या इथल्या चर्चचा एक फिल्म ग्रुप आहे, महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये पिक्चर लावतात, पडदा, प्रोजेक्टर, प्लास्टिकच्या खुर्च्या, बास. मी ख्रिस्ती नाही, मैत्रीण मागे लागली म्हणून गेले आणि मग जातच राहिले.

ओळखीच्यांना सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो की तिथे प्रवचन देतात का. नाही देत. फादर मागच्या रांगेत बसतात आणि नंतरच्या चर्चेत सगळ्यात कमी तेच बोलतात. पिक्चरही सगळे धार्मिक नसतात. सिनेमाला 100 वर्षं झाली तेव्हा 1995 साली व्हॅटिकनने 45 चित्रपटांची एक यादी काढली होती, धर्म, मूल्यं आणि कला असे तीन भाग करून, त्यात ‘गांधी’ आहे, ‘बायसिकल थीव्ह्ज’ आहे आणि चक्क ‘नोस्फेरातू’ म्हणजे ड्रॅक्युलाची गोष्टपण आहे! आमचा ग्रुप या यादीतून थोडं आणि बाहेरून थोडं असं निवडतो.

सगळ्यात जास्त वादावादी झाली ती पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 1964 च्या, मत्तयाच्या शुभवर्तमानावरच्या म्हणजे बायबलमधल्या येशूच्या गोष्टीवरच्या पिक्चरला. हा माणूस मार्क्सवादी, नास्तिक, आणि त्याने पिक्चर अर्पण केलाय पोप तेविसाव्या जॉनच्या स्मृतीला. येशूचं काम करणारा मुलगा अर्थशास्त्राचा विद्यार्थी, येशूच्या आईच्या, म्हाताऱ्या मरियेच्या भूमिकेत पासोलिनीची स्वतःची आई. पिक्चर संपल्यावर एक मावशी जाम वैतागल्या, येशू एवढा चिडका कशाला दाखवलाय, आमचा येशू असा नाही म्हणाल्या. त्यावर कॉलेजातल्या एका पोराने मोबाईलवर बायबल उघडून मत्तयाचा 23वा अध्याय, शास्त्री-परूश्यांना म्हणजे तेव्हाच्या ढोंगी धर्मपुढाऱ्यांना झोडपून काढणारा, मोठ्याने वाचायला घेतला, हॉलमध्ये सगळे चिडीचूप, आणि मावशी म्हणाल्या, बरं बरं, पण जरा हसला असता तर काय बिघडलं असतं? मला हे घरी बसून कुठे मिळणार होतं सांगा.

ड्रेयर या डॅनिश दिग्दर्शकाचा 1928 चा, फ्रान्सची संत जोन ऑफ आर्क हिच्यावरचा मूकपट तर आम्ही संगीताशिवाय, पूर्ण शांततेत बघितला. जोन झालेल्या फाल्कोनेत्तीचा चेहरा, मेकअप नाही काही नाही, पडदाभर, डोळ्यातून पाणी गालावर येतं तेपण सावकाश दिसतं. खुर्ची करकरली तरी माणसं वळून बघत होती. या पिक्चरची मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती आणि मूळ रूपातली प्रिंट पुढे 1981 मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात सापडली, हे नंतर कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा, एका जुन्या चित्रकारावरचा ‘आंद्रेई रुब्लेव्ह’ मात्र मला झेपला नाही, उगाच खोटं कशाला बोला. तीन तास! शेवटचा घंटा ओतायचा भाग तेवढा जबरदस्त, त्याआधी निम्मा हॉल पेंगत होता.

मग एकाने मराठी लावा म्हणून आग्रह धरला आणि प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ लावला. चर्चमध्ये तुकाराम! पण यात विचित्र काही नाही, फाळक्यांनी 1910 च्या नाताळाच्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा पिक्चर पाहिला, तो बघताना डोळ्यांसमोर राम-कृष्ण दिसायला लागले असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. म्हणजे उसनं घेतलेलं आपण परतच करत होतो, एवढंच. जिजाई पोर आजारी पडल्यावर तरातरा देवळात जाऊन विठोबालाच फैलावर घेते, त्याला सगळा हॉल हसला. चर्चेत एक रिटायर्ड सर म्हणाले की देवाशी भांडते म्हणजे तिचा विश्वास तुकोबांपेक्षा जास्त, जो नाहीच वाटतो त्याच्यावर कोण ओरडेल. त्यावर फादर वर्षभरात पहिल्यांदा पाच मिनिटं सलग बोलले, बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकावर, त्यातही दुःखात सापडलेला माणूस देवालाच जाब विचारतो, आणि कोणालाही ते प्रवचन वाटलं नाही.

अडचणी आहेतच. हॉलमध्ये आवाज घुमतो, सबटायटल मागच्या रांगेतून दिसत नाहीत. शिवाय घरच्या ओटीटी अकाउंटवरून सरळ लावला असं करता येत नाही, चार लोकांत दाखवायला हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची वेगळी परवानगी लागते. ग्रुपमधल्या एक ताई त्यासाठी ईमेलवर ईमेल करत बसतात, कधी उत्तरच येत नाही आणि ठरलेला पिक्चर ऐनवेळी बदलतो. परवानगीशिवाय लावायचा नाही यावर त्या ठाम आहेत आणि मला ते आवडतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या पुरवणीत मल्टिप्लेक्सच्या जाहिराती अर्धं पान खातात. चर्च असो, वाचनालय असो की फिल्म सोसायटी, जिथे कुठे असे फुकट आणि रीतसर परवानगीचे शो होतात त्यांची तारीख-वेळ त्याच पानावर कोपऱ्यात दोन ओळीत छापाल का? आमच्या ग्रुपला वर्षभर फक्त व्हॉट्सॲपवरून माणसं मिळाली, म्हणजे जी आधीच ओळखीची आहेत तीच. छापणार असाल तर पुढच्या महिन्याची माहिती ताई तुम्हाला वेळेत पाठवतील, त्यांना मी विचारून ठेवलंय.

आपली,
एक नियमित वाचक