गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव

संपादकसाहेब,

आमचे खानापूरचे मामा टूरबरोबर थायलंडला गेलेले, पटायात रात्री छातीत दुखायला लागलं आणि मामींचा फोन डायरेक्ट मला टिळकवाडीला, आता इथनं मी काय करणार सांगा! तिथं अ‍ॅम्ब्युलन्सला 1669, टुरिस्ट पोलिसांना 1155, पण टूरवाल्यानं नाश्त्याला पोहे मिळतील एवढंच सांगितलेलं. डॉक्टरनं चालू गोळ्या विचारल्या तर पट्टी कात्रीनं कापलेली, नावच गायब. इन्शुरन्स होता की, पण फॉर्मवर बीपी लिहिलंच नव्हतं (एजंट म्हणाला कशाला लिहिता), मग क्लेम अडकला. जाणाऱ्यांनी गोळ्यांची नावं इंग्लिशमध्ये लिहून जवळ ठेवा, बीपी-शुगर लपवू नका. मामा आता बरे आहेत, मामींनी चिठ्ठी लॅमिनेट करून घेतलीय.

- एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव